दिवसाची भट्टी

जाम, ता. समुद्रपूर, जि. वर्धा
६ ऑगस्ट २०२५

चि. पुनीस,

बाबांचे अनेक आशीर्वाद व सप्रेम जय भीम. पत्र लिहिण्यास कारण की, कारण या वेळी मोठं आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो की आम्ही दोघंही ठणठणीत आहोत. घाबरून फोन लावू नको. लावला तरी माझ्या कानातलं मशीन फोनवर नुसती शिटी मारते, हे तुले माहीत आहे.

सोमवारी आमच्या मालकांनी, धनंजयबाबूंनी, फाउंड्रीतल्या बासष्टच्या बासष्ट माणसांना आवारात बोलावलं. ते बोलत होते अन् मी सगळ्यांच्या तोंडाकडे पाहून राह्यलो होतो. नऊ वर्षं ग्राइंडरवर काढून कान गेले, पण माणसाचे चेहरे वाचता येतात. साचे बनवणाऱ्या अंकुशनं मान खाली घातली तेव्हाच समजलं की गोष्ट चांगली नाई. मग त्यानं खडू घेतला अन् पत्र्यावर माझ्यासाठी लिहिलं, दिवाळीपासून भट्टी बंद.

मालकाचं म्हणणं असं, की विजेचे दर आता इतके झाले की लोखंड वितळवून ओतणं परवडत नाई. बाहेरच्या देशातून पंपाची ओतीव केसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, तयार येते, ती आपल्यापेक्षा स्वस्त. तीच आणायची, इथे फक्त भोकं पाडून रंग द्यायचा. त्याले चौदा माणसं पुरतात. भट्टीवाले, साचेवाले, ओतणारे, सगळे घरी.

मले वाईट वाटायले पायजे होतं. पण खरं सांगतो पुनी, मले राग आला, अन् रागामागून एकदम हुरूप आला. मी सरळ ऑफिसात गेलो. म्हटलं, बाबू, आपली भट्टी एक टन लोखंडाले सातशे ऐंशी युनिट वीज खाते, त्यातली पुष्कळ तर आपण फुकट घालवतो. झाकण कायम उघडं. भंगार गंजासकट, मातीसकट आत. लोखंड तयार असते अन् साचे तयार नसतात, मग तासभर ते तापत ठेवायचं. पाणी उकळल्यावर चहापत्ती आणायले दुकानात जावं, तसा आपला कारभार. अन् रात्री वीज स्वस्त होती म्हणून आपण बावीस वर्षं रात्री भट्टी लावली. ती सवलत आता गेली, आता दिवसा ऊन असताना वीज स्वस्त आहे. तरी आपण रात्रीच लावून राह्यलो, नुसत्या सवयीनं.

बाबूंनी सगळं ऐकून घेतलं. मग कागदावर लिहून दिलं, "साडेसहाशेच्या आत आणा. आणि या नव्या गिऱ्हाइकाचं सॅम्पल पास करून दाखवा. मग बंद करत नाही." अन् पंपाच्या केसिंगचं ड्रॉइंग पुढे सरकवलं. त्याच्या कोपऱ्यात तुझ्या कंपनीचं नाव!

तुझी आई म्हणते, पुनीले लिहा, तपासताना जरा डोळेझाक कर. मी हे लिहिणार नव्हतो, पण ती समोर बसून पाहून राह्यली आहे.

लोभ आहेच, तो असाच राहू दे, अन् उत्तर लवकर पाठव.

तुझे बाबा,
रामाजी


पुणे
१४ ऑगस्ट २०२५

ती. बाबांस व ती. आईस,

पौर्णिमाचा सविनय जय भीम. वि. वि. पत्र परवा मिळालं. दुसरं पान वाचून मी खुर्चीतून उठलेच. बासष्ट माणसांमध्ये ऑफिसात शिरणारा एकच निघाला आणि तो माझा बाप. शेजारच्या टेबलावरच्या मुलीला मी ते पान वाचून दाखवलं. चहापत्तीचं वाक्य तिला फार आवडलं.

आता जरा अवघड बोलते. बाहेरून आलेला माल तपासायचं काम माझ्याच विभागाकडे असतं आणि ही केसिंग माझ्याच टेबलावर येणार आहे. म्हणून मी दुसऱ्याच दिवशी आमच्या विवेक सरांकडे गेले आणि सांगितलं की जामच्या फाउंड्रीत भट्टीवर माझे वडील आहेत, हे काम दुसऱ्या कोणाला द्या. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग विचारलं, खराब निघालं तर खराब लिहिशील का? मी हो म्हटलं. मग तूच तपास, तुझ्यानंतर मी तपासतो, म्हणाले.

तेव्हा आईला सांगा, तिची लेक डोळे झाकणार नाही. उलट भिंगच लावणार आहे. तीन सॅम्पल येणार आहेत. एक परदेशातून, एक कोल्हापूरकडून आणि एक आपलं. ड्रॉइंगमध्ये पाणी बाहेर पडायच्या तोंडाजवळ जो बाक, म्हणजे वळण, आहे, तिथे नीट लक्ष द्या. पंपाचा सगळा जोर तिथेच येतो. हे मी बाकी दोघांनाही कळवलं आहे, म्हणजे कोणी पक्षपात केला म्हणायला नको.

जेवताना मी ताटातल्या वरणात बोटाने केसिंग काढत होते. रूममधल्या मुली हसल्या. हसू द्या.

तुमची माया दूर असूनही पुरते आहे, तशीच पुरत राहो.

आपली,
पौर्णिमा


जाम
२७ ऑगस्ट २०२५

चि. पुनीस,

अनेक आशीर्वाद, सप्रेम जय भीम. तू साहेबाले आधीच सांगितलंस ते वाचून बरं वाटलं. तुझ्या आईले तितकंसं बरं वाटलं नाई, पण तिनं त्या दिवशी भाजीत मीठ मात्र बरोबर टाकलं, म्हणजे फार रागावली नसावी.

इकडची मोठी बातमी, भट्टी दिवसा सुरू झाली! सकाळी नवाले स्विच टाकतो, पाचाले बंद. बावीस वर्षांत पहिल्यांदा मी सहाच्या ठोक्याले घरी येतो, हातपाय धुतो अन् गरम भाकर खातो. तुझी आई वैतागली आहे. तिची संध्याकाळ तिची एकटीची होती, आता त्यात मी. पयल्या दिवशी तिनं मले विचारलं, तुम्ही काऊन आले? मी म्हटलं, इथेच राहतो मी.

कारखान्यात तर जत्रा आहे. भट्टीले जाड पत्र्याचं झाकण बनवलं, आतून तापरोधक माती थापली. भंगार आता गोल पिंपात घालून फिरवतो, गंज अन् माती झडते, मगच आत. अन् साचे सगळे आधी तयार, ओळीनं मांडलेले. लोखंड तयार झालं की दहा मिनिटात ओतून मोकळं. मालक रोज पाचाले मीटर पाहायले स्वतः येतात. सातशे ऐंशीचे सातशे चाळीस झाले, मग सातशे. सातशेवर मात्र गाडी अडली आहे, खाली उतरत नाई. काऊन, ते समजत नाई.

लॅबच्या मयुरी मॅडम म्हणतात, रामाजी, तापमान पाहायचा दांडा टाकून बघा. तो दांडा तीन वर्षांपासून कपाटात पडून आहे. मी म्हटलं, मॅडम, लोखंडाचा रंग पाहून मी ताप सांगतो, बावीस वर्षांत माझा डोळा चुकला नाई.  त्या पुढे काही बोलल्या असतील तर मले ऐकू आलं नाई.

एक वाईट बातमी. अंकुश गेला. बुटीबोरीकडे एका गोदामात खोकी भरायचं काम मिळालं त्याले. दिवाळीपर्यंत कशाले थांबू, म्हणाला. साच्यात इतका साफ हात कोणाचा नाई. जाताना त्यानं साच्याची वाळू सारखी करायची आपली करणी मले दिली. सॅम्पलचा साचा त्याच करणीनं शेवटचा तो बनवून गेला होता.

सॅम्पल ओतलं. बाहेरून असं गुळगुळीत की मालकानं हात फिरवून पाहिला. पोत्यात गुंडाळून काल पाठवलं.

आता तुझ्या भिंगाची वाट पाहतो. आमचा आशीर्वाद तुझ्या पाठीशी, अन् तुझा जीव आमच्यात राहू दे.

बाबा


पुणे
१२ सप्टेंबर २०२५

ती. बाबांस,

सविनय जय भीम. वि. वि. हे पत्र मी तीनदा फाडलं. आता सरळच लिहिते.

तुमचं सॅम्पल मी नापास केलं.

तिन्हींमध्ये बाहेरून ते सगळ्यात सुंदर होतं. मापं बरोबर, काठ स्वच्छ. अंकुशदादाचा हात ओळखू आला. मग नियमाप्रमाणे मी ते बाकाच्या जागी कापलं. आत ज्वारीच्या दाण्याएवढ्या पोकळ्या निघाल्या, एकीशेजारी एक, मोजून नऊ. पंप चालू झाला की वर्षाच्या आत तिथून पाणी फुटेल. मग मी नापासचा कागद भरला. विवेक सर समोर उभे होते. मी सही केली. नंतर त्यांनी स्वतः तपासलं आणि खाली तेच लिहिलं.

कोल्हापूरकडचं सॅम्पल मापात चुकलं. परदेशी पास झालं. पण कंपनीला एक तरी देशातला पुरवठादार हवाच आहे, कारण जहाज अडकलं की आमचं सगळं अडकतं. म्हणून कोल्हापूरला आणि तुम्हाला, दोघांनाही आणखी एक संधी आहे. दुसरं सॅम्पल दहा ऑक्टोबरच्या आत इथे यायला हवं.

सर म्हणतात, अशा पोकळ्या लोखंड गरजेपेक्षा जास्त तापलं की येतात. मी म्हटलं, माझे बाबा भट्टीवर असताना लोखंड जास्त तापणं शक्य नाही. ते म्हणाले, पोकळ्या खोटं बोलत नाहीत. यावर तुम्हाला उत्तर सुचलं तर कळवा. कापलेल्या भागाचा फोटो सोबत ठेवते आहे.

रागावला असाल तर रागवा, पण अबोला धरू नका.

तुमची,
पुनी


जाम
१८ सप्टेंबर २०२५

चि. पुनीले आईचा आशीर्वाद अन् जय भीम.

मी पत्र लिहित नाई हे तुले माहीत आहे. सातवीपर्यंतची शाळा, त्यात अक्षर असं. पण आज लिवते कारण तुझे बाबा घरी नाई अन् मले कोणाले तरी सांगितल्याशिवाय राहवत नाई.

तुझं पत्र आलं तेव्हा दुपारचे दोन वाजले होते, त्याईची भट्टीची आठवडी सुट्टी होती. मी म्हटलं वाचून दाखवा. त्याईनं वाचलं. मले तर असा राग आला तुझा. बापाले नापास करते म्हणे, यासाठी शिकवलं का तुले, असं मी बोलली. बोलली ते बोलली, लपवत नाई. हे मात्र फोटो घेऊन अंगणात उन्हात उभे राह्यले. किती वेळ. मग आत येऊन मले म्हणतात, न्हाणीची चूल पेटव.

भर दुपारी आंघोळ करता का, मी विचारलं. पण पेटवली. चांगले निखारे झाले तसा त्याईनं चिमट्यात एक धरला अन् अंगणात उन्हात नेला. मले म्हणे, पाय, कसा दिसते. मी पाह्यलं. राख धरल्यासारखा, विझल्यासारखा. मग तोच निखारा धावत आतल्या अंधाऱ्या खोलीत आणला. तिथं लालभडक. परत बाहेर. परत आत. असं चारदा केलं. माझ्या पोह्याच्या डब्यावर ठिणगी पडली ती वेगळीच. मले वाटलं, नोकरीच्या काळजीनं डोक्यावर परिणाम झाला.

मग चिमटा टाकला अन् मले म्हणाले, "तानाबाई, माझा डोळा रात्रीचा आहे."

अन् गेले. सायकल घेऊन, चप्पल न घालता. अजून आले नाई.

मले काही समजलं नाई, पण इतके खुश मी त्याईले तुझ्या जन्माच्या वेळेस पाह्यलं होतं. म्हणून माझा राग मागे घेते. तू जेवत जा. केस गळणं थांबलं का ते लिव.

तुझी आई


जाम
२५ सप्टेंबर २०२५

चि. पुनीस,

अनेक आशीर्वाद व जय भीम. आईनं निखाऱ्याचं लिहिलंच आहे, त्यात पोह्याच्या डब्याचं जरा वाढवून लिहिलं असेल.

ऐक. बावीस वर्षं मी रात्रीच्या अंधारात लोखंडाचा रंग पाहिला. आता वरच्या पारदर्शक पत्र्यातून भर उन्हाचा उजेड भट्टीवर पडतो. त्या उजेडात तापलेलं लोखंड फिकं दिसते. मले वाटे, अजून थंड आहे, अन् मी आणखी ताप द्यायचो. त्या दिवशी सायकलवरून थेट लॅबमध्ये गेलो अन् मयुरी मॅडमले म्हटलं, दांडा काढा. दुसऱ्या दिवशी, मी तयार म्हटलं तेव्हा त्यांनी तो भट्टीत टाकला. चौदाशे साठ अंश पायजे होतं, पंधराशे चाळीस निघालं! मॅडमनं पाटी माझ्यापुढे धरली. मी टोपी काढली अन् त्याईले नमस्कार केला. त्या लाजल्या. मी लाजलो नाई. वय झालं लाजायचं.

अन् आता खरी गंमत पाय. जास्तीचा ताप म्हणजे जास्तीची वीज. तीच आमची अडलेली गाडी होती. दांडा टाकून बरोबर तापावर ओतायले लागलो तसे त्याच आठवड्यात सातशेचे सहाशे बावन्न झाले, अन् काल सहाशे अडतीस. बाबूंनी मीटर दोनदा पाह्यलं, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा.

तू सही केली नसती तर मालही खराब गेला असता अन् युनिटही अडून राह्यले असते, अन् दिवाळीले भट्टी बंद. हे मी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना सांगितलं. माझ्या पोरीनं मले नापास केलं, असं. काही जण हसले. तुझा कापलेला फोटो मी भट्टीजवळच्या खांबाले डकवला आहे.

दुसरं सॅम्पल परवा ओततो. नुसती पोकळीची जागा न पाहता सगळंच तपास, कसर सोडू नको.

तुझ्यावरचा जीव उतू चालला आहे, झाकण ठेवायले जागा नाई.

बाबा


पुणे
११ ऑक्टोबर २०२५

ती. बाबांस व ती. आईस,

सविनय जय भीम. वि. वि. आधी बातमी, मग बाकीचं. पास!

तुमचं खोकं सात तारखेला आलं. दोन केसिंग होत्या. एक मी बाकाच्या जागी कापली, मग दुसरीकडे कापली, मग सरांनी तिसरीकडे कापायला लावली. सगळीकडे आत गच्च, एकसारखं, राखाडी. भिंगाखालीही काही सापडलं नाही. मग दुसरी केसिंग पाण्याच्या दाबावर लावली. आत पाणी भरून दाब चढवायचा आणि अर्धा तास पाहायचं, कुठे पाझरतं का. मी खाली कोरडं वर्तमानपत्र अंथरलं आणि तिथेच उभी राहिले. चहा आला, घेतला नाही. अर्ध्या तासाने वर्तमानपत्र उचललं तर कोरडं. विवेक सर म्हणाले, अजून दहा मिनिटं थांबू. थांबलो. तरी कोरडं. बाबा, मी त्या वर्तमानपत्रासकट आनंदाने गरकन एक फेरी मारली, सगळ्यांसमोर.

आता कामाचं. कंपनी निम्मी केसिंग बाहेरूनच घेणार आहे, हे मी तुमच्यापासून लपवत नाही. उरलेली निम्मी तुमच्या फाउंड्रीकडून, कारण कोल्हापूरचं दुसरं सॅम्पलही मापात बसलं नाही. आधी वीस नगांचा पहिला लॉट, तो बरोबर निघाला तर वर्षाची ऑर्डर. पहिला लॉट तिथे येऊनच तपासायचा असा नियम आहे. सरांनी विचारलं कोण जाईल, आणि कोणी हात वर करायच्या आत त्यांनीच माझं नाव लिहिलं. त्यांचं म्हणणं, नापास करता येतं हे जिने दाखवलं, तिलाच पाठवायचं.

मी सत्तावीस तारखेला सकाळी येते. आधी फाउंड्री, मग घर. आईला सांगा, केस गळणं थांबलं.

भेटीपर्यंत माया जपून ठेवा, समोरासमोर घेईन.

आपली,
पौर्णिमा


जाम
१८ ऑक्टोबर २०२५

चि. पुनीस,

अनेक आशीर्वाद, सप्रेम जय भीम. तुझं पत्र मी भट्टीपाशी उभं राहून वाचलं. सगळे माझ्या तोंडाकडे पाहून राह्यले होते. मी मान वर केली अन् त्यांना न सांगताच समजलं.

दिवाळी दोन दिवसांवर आली, अन् भट्टी चालू आहे. भट्टी बंद होणार नाही, असा कागद धनंजयबाबूंनी कालच फाटकावर लावला. पण खरं ते लिहितो. बासष्टपैकी शेहेचाळीस माणसं उरली आहेत. सोळा जण मधल्या काळात गेले, कोणी हायवेच्या ढाब्यावर, कोणी रायपूरले. त्यांना परत बोलवायले अजून काम नाई. अंकुशले मी निरोप पाठवला. तो म्हणतो, वर्षाची ऑर्डर कागदावर दिसली की येतो. बरोबर आहे त्याचं. त्याले दोन लहान पोरं आहेत, नुसत्या हुरूपावर त्याईचं पोट भरत नाई. म्हणून हा लॉट त्याच्यासाठीही आहे, हे ध्यानात ठेवून मी ओतून राह्यलो.

वीसच्या वीस नग तयार आहेत. पण अकरा नंबरची गोष्ट तुले सांगायची आहे. तो ओतताना मधेच लाईन गेली अन् लाडल, म्हणजे लोखंड ओतायची बादली, उचलणारी क्रेन अडली. दहा मिनिटं लोखंड लाडलमध्ये थंडावत राह्यलं, अन् लाईन आल्यावर दांडा न टाकता, नुसता रंग पाहून पुरेसं गरम वाटलं म्हणून मी ते तसंच ओतलं. बाहेरून तो बाकी सगळ्यांसारखाच दिसते. धनंजयबाबू म्हणाले, रामाजी, चांगला आहे, जाऊ द्या. मी नाई म्हटलं. बाजूले काढून ठेवला अन् त्याच्या जागी एकविसावा ओतला. बाबू जरा नाराज झाले, इतकी वीज फुकट गेली म्हणून. गेली तर गेली.

तू आलीस की मी तुले आणायले फाटकावर येणार नाई. तू कंपनीकडून येशील, म्हणून फाटकावर मालक असतील. मी भट्टीपाशी असेन. वीस नग तुझ्या पद्धतीनं तपास, माझ्याकडे पाहू नको. मग अकरा नंबर सगळ्यांसमोर काप. आत पोकळी निघाली तर मालकाले समजेल की मी काऊन थांबलो. नाई निघाली तर मले समजेल की दिवसाचा डोळाही आता तयार होऊन राह्यला. दोन्हीतलं काहीही निघालं तरी खरं काय ते सांगजो.

संध्याकाळी तुझ्या आईनं वांग्याची भाजी अन् भाकर ठरवली आहे. तिथे मात्र तपासायले काही ठेवलं नाई, सगळं मुकाट्यानं खायचं.

वाट पाहतो.

तुझे बाबा,
रामाजी